गहाण पडलेला जिल्हा

घर गहाण पडते, शेत गहाण पडते, वेळ आली तर अंगावरचा डागही सावकाराच्या पेटीत जातो. हे सारे आपल्या ऐकण्यातले आहे. पण सबंध जिल्हाच्या जिल्हा गहाण पडला असे कोणी सांगितले तर? आपला धाराशिवचा मुलूख तसाच गहाण पडला होता. साल होते १८५३. तो दुष्काळाने पडला नाही, की लढाईतल्या पराभवाने पडला नाही. सरकारला आपल्या जमाखर्चाचा मेळ घालता येईना, म्हणून पडला.

हा भाग तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होता. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची एक फौज, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत, निजामाच्या खर्चाने पोसली जाई. तिचा पगार ठरलेला. पण तो भागवायला पैसा केव्हा आणि किती येणार, हे दरबारात कोणालाच नेमके सांगता येत नसे. कारण वसुली होती मक्त्याने. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला तालुका द्यायचा. त्याने काही रक्कम आगाऊ भरायची आणि मग रयतेकडून जमेल तेवढे काढायचे. पुढच्या साली तालुका आपल्याकडे राहील याची त्याला शाश्वती नाही. मग विहिरीची दुरुस्ती कोण बघतो अन् तगाई कोण देतो! सरकारला आज रोकड मिळे खरी, पण जमिनीचे खरे उत्पन्न किती ते मक्तेदाराला ठाऊक, सरकारला नाही. एवढ्यानेही नड भागेना, म्हणून अरब जमादारांकडून आणि सावकारांकडून कर्ज, आणि तारण म्हणून पुन्हा तालुकेच. म्हणजे पीक उभे राहण्याआधीच त्याचा सारा खर्ची पडलेला.

फौजेचा पगार थकला की कंपनी सरकार तो आपल्या खजिन्यातून भागवी आणि निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडी. हे कर्ज फुगत गेले. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. नळदुर्गला मेडोज टेलर हा अंमलदार आला. कादंबरीकार म्हणून त्याचे नाव पुष्कळांना माहीत असेल. इथे त्याने जमिनीची मोजणी आणि आकारणी हाती घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस हैदराबादेत चोवीस वर्षांचा एक तरुण दिवाण झाला. हा पहिला सालारजंग. त्याने जे केले त्यात नवलाचे असे काही नाही. सगळी कामे तशी कारकुनीच. तारण पडलेले तालुके हिशेब करून सोडवून घेतले. मक्ते बंद करत आणले आणि पगारी तालुकदार नेमले. वसुली सरकारी खजिन्यात येऊ लागली. ही कामे एका हुकमाने होण्यासारखी नव्हती, कारण जमादारांच्या हाती तालुकेही होते आणि शस्त्रेही. १८६० साली धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. ते १८५७ सालच्या मदतीचे बक्षीस होते, हे मात्र विसरू नये. नुसता हिशेब चोख ठेवला म्हणून कोणी राज्यकर्ता कर्ज सोडीत नसतो! १८६५ साली जिल्हाबंदी झाली. आपल्या जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, ते १९०४ साली धाराशिवला आले.

सालारजंगाच्या कामाचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जागतिक बँकेसारख्या संस्था अलीकडच्या काळात विकसनशील देशांना अंदाजपत्रकाच्या नवनव्या पद्धती सुचवत आल्या आहेत. कामगिरी पाहून पैसा द्यावा, तीन-तीन वर्षांचा आराखडा करावा, वगैरे. अ‍ॅलन शिक या अभ्यासकाने १९९८ साली स्पष्टच लिहिले, की न्यूझीलंडसारख्या देशाच्या सुधारणा अशा देशांनी एकदम उचलू नयेत. आधी रोकडीचा हिशेब नीट लागू द्या, फळाच्या गोष्टी मागाहून. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर, आधी खळ्यावरची रास मोजा, मग पुढच्या पेरणीचे बोला.

आज मक्तेदार नाही. राज्यघटनेच्या २६६ व्या कलमाप्रमाणे विधिमंडळाने कायद्याने मंजूर केल्यावाचून संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. पण एक अडचण कायम आहे. ३१ मार्चला वर्ष संपते आणि न खर्चलेली तरतूद रद्द होते. आता आपल्या दुष्काळी जिल्ह्यात नाल्यावरच्या बांधाला सोयीचे दिवस कोणते? एप्रिल आणि मे, पाणी आटल्यावर, मृगाच्या आधी. म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत तरतूद संपलेली, आणि मार्चमध्ये बिलांची धांदल. जिल्हा परिषदेला सरकारी अनुदान खर्चायला पुढच्या मार्चपर्यंत सवड मिळते, तेवढा दिलासा. गंमत अशी, की हैदराबाद संस्थानात अकबर हैदरी यांनी १९२२ च्या सुमारास खात्यांना तीन तीन वर्षांसाठी ठरावीक रक्कम बांधून देण्याची पद्धत आणली होती. त्यामागचा विचार आजही शिळा झालेला नाही.

आता तुमच्या गावाकडे वळू. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा मोठा पैसा ग्रामपंचायतींच्या वाट्याला येऊ लागला. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला. उरलेल्या भागाचे काय करायचे, ते गावाने ठरवायचे. म्हणून ग्रामसभेत अंदाजपत्रक मांडले गेले की नुसती कामांची यादी ऐकून उठू नका. जमेची बाजू आधी मागा. समजा, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली गेल्या साली एक लाख झाली आणि यंदा तीन लाख धरली आहे. नवी घरे झाली आहेत का? पट्टी वाढली आहे का? तसे काहीच नसेल, तर वरचे दोन लाख येणार कोठून, हे सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. आणि त्या दोन लाखांवर कोणते काम धरले आहे तेही, तिथेच, सर्वांसमक्ष विचारून घ्या.