सांबार, पण इडलीसोबतचा नव्हे

गोंदियाच्या बाजारात सांबाराची जुडी मागितली की हातात कोथिंबीर पडते. विदर्भात तिचं नाव तेच. पुण्या-मुंबईचा पाहुणा मात्र हमखास गोंधळतो. पानं वडीत आणि भाजीत संपतात, औषधाला लागतात ते धने.

मे अखेरीस नवतपा सुरू झाला, पारा 45 अंशांकडे निघाला, की अनेकांना उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते. त्यावरचा घरचा उतारा असा: चमचाभर धने जाडसर कुटून सहापट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करून, गाळून, खडीसाखर घालून प्यायचे. आयुर्वेदात हाच ‘धान्यक हिम’. एकास सहा हे हिमाचं माप शार्ङ्गधर संहितेतलं. उकळायचं नाही, कारण धन्यांना वास देणारं लिनालूल वाफेबरोबर उडतं. निम्मा गुण पोटात गेलेल्या पाण्याचाच असावा, असं आपलं माझं मत. ताप असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर धन्यांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

डब्यात उरलेले धने परसात पेरता येतात. फक्त आधी चपलेखाली हलके रगडून प्रत्येकाच्या दोन फोडी करायच्या.