पुरळ आणि घरचे औषध

मांजरेच्या खोऱ्यात, भालकी तालुक्यातील मेहकर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत मृगाचा पाऊस पडून गेला की तूर, मूग, उडीद व सोयाबीन यांच्या खुरपणीला आरंभ होतो, आणि त्याच सुमारास अंगावर उठणाऱ्या पुरळाच्या तक्रारीही सुरू होतात. एखाद्या बाईची मान लाल होऊन चुरचुरू लागते, एखाद्याच्या कमरेभोवती चट्टे उमटतात, एखाद्या मुलाची बोटे रात्रभर खाजतात. शेजारीपाजारी गोळा होतात आणि औषधांची खैरात सुरू होते. हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 पासून त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले. त्यामुळे येथील घरगुती वैद्यक तीन भाषांतून बोलते. ज्या झाडाला मराठी आजी लिंब म्हणते, त्यालाच कानडी शेजारीण बेवु म्हणते आणि हकिमी परंपरेतला वृद्ध नीम म्हणतो. पाला मात्र तोच, आणि तिघांचाही भरवसा तेवढाच.

या भरवशात खोटे काही नाही. अडचण निराळी आहे. कातडीला आपले दुःख सांगण्याचे मार्ग फार थोडे असतात. ती लाल होते, सुजते, पाण्याचे फोड धरते, कोंडा टाकते आणि खाजते. याहून अधिक तिला बोलता येत नाही. घामाने कोंडलेले रंध्र असो, बुरशी असो, किडा असो की एखाद्या वनस्पतीचा चीक असो, तिची भाषा तीच. म्हणून दोन अगदी भिन्न व्याधी वरवर पाहता एकसारख्या दिसतात, आणि एकीवर गुण देणारा उपाय दुसरीवर आगीत तेल ओतल्यासारखा ठरतो. औषध कोणते, या प्रश्नाच्या आधी पुरळ कोणते, हा प्रश्न विचारला जात नाही. घरगुती उपचारांची बहुतेक फसगत येथेच होते.

घामोळ्यांचा प्रकार सर्वांत सोपा. उन्हाळ्यात घर्मरंध्रांची तोंडे बुजतात, घाम कातडीतच कोंडतो आणि बारीक पुटकुळ्या येतात. गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडा, वारा आणि सावली एवढे लाभले की घामोळे आपोआप विरते. चंदनाचा किंवा मुलतानी मातीचा पातळ लेप गारवा देतो, त्याला हरकत नाही. तेल चोपडणे मात्र चुकीचे. बुजलेली तोंडे त्याने अधिकच बुजतात. तान्ह्या मुलांना भर वैशाखात तेल चोळून दुपट्यात गुंडाळण्याची हौस कित्येक घरांत दिसते. त्या मुलांची घामोळी लवकर बरी होत नाहीत, यात नवल नाही.

अंगावर पित्त उठते, ज्याला आयुर्वेदात शीतपित्त म्हटले आहे, त्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. कातडीतील काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात, त्यामुळे केशवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि गांधी उठतात. यावर आमसुलाचे पाणी लावावे, काव लावावी, असे घरोघरी सांगतात. आणि लावले की गांधी बसतातही. पण बहुधा प्रत्येक गांध काही तासांत, फार तर एका दिवसात, काही न लावताही बसतेच. जी व्याधी सायंकाळपर्यंत आपोआप जाणार, तिच्यावर सकाळी जे काही लावावे ते रामबाण ठरते. आमसुलाच्या गार पाण्याने तेवढा वेळ सुसह्य होत असेल तर ते अवश्य लावावे. मात्र ओठ, जीभ किंवा पापण्या सुजू लागल्या, आवाज बसला वा श्वास कोंडू लागला, तर आमसुले भिजत घालण्यात वेळ दवडू नये. त्या रोग्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आता शेताकडे वळावे, कारण या भागातील कष्टकऱ्यांच्या कातडीचा खरा वैरी तेथे उभा आहे. गाजराच्या पानांसारखी पाने आणि पांढरी बारीक फुले असलेले गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत असेही म्हणतात, मूळचे अमेरिका खंडातील. 1950 नंतरच्या दशकात ते पुण्याजवळ आढळले आणि पुढे दख्खनभर पसरले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असा सार्वत्रिक समज आहे. त्याच्या अंगावरील सूक्ष्म लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. काही माणसांची कातडी वारंवारच्या स्पर्शाने या द्रव्याशी वैर धरते, आणि मग गवताला हात लावण्याचीही गरज उरत नाही. वाऱ्यावर उडणारी त्याची धूळ पुरेशी होते. या व्याधीचे सविस्तर वर्णन लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी 1974 साली प्रसिद्ध केले. पापण्या, मान, कोपराची लवण असे उघडे आणि घडीचे भाग प्रथम धरतात. पावसाळ्यात आग होते, हिवाळ्यात उतरते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. अशी काही वर्षे गेली की चेहऱ्याची कातडी काळी, जाड आणि सुरकुतलेली होते.

हे दरसालचे दुखणे पाहून घरचे लोक ‘रक्त बिघडले’ असा निर्णय देतात आणि रक्तशुद्धीचे काढे सुरू होतात. रक्ताचा येथे काही अपराध नसतो. लिंबाच्या पाल्याने आंघोळ करून पुन्हा त्याच बांधावर खुरपायला बसले, तर आंघोळ वाया जाणार हे उघड आहे. ‘शेतात जाऊ नका’ असे सांगणे सोपे आहे. ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यांना ते ऐकणे परवडत नाही. त्यांच्यासाठी व्यवहार्य मार्ग एवढाच, की पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालावा, मान व चेहरा फडक्याने झाकावा, घरी येताच साबणाने हात, तोंड व मान धुवावी आणि शेतातले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. गवत उपटायचे ते फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, आणि ज्याला त्याची बाधा नाही अशाने हात झाकून. वाळलेले गवतही निरुपद्रवी नसते, म्हणून ते अंगणात रचून ठेवू नये. शेवंती याच कुळातली. गाजरगवताने पीडलेल्या कित्येकांना तीही सोसत नाही. आग भडकली असेल तेव्हा सर्वांत उपयुक्त घरगुती औषध फार साधे आहे: उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती फडके भिजवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे ठेवणे. त्याला ना वास, ना रंग, ना कडूपणा. कदाचित म्हणूनच त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

उपाय म्हणून केलेली वस्तूच पुरळ उठवते, याचे ठळक उदाहरण बिब्बा. भेगांवर, काटा मोडला तर, सांधा धरला तर बिब्बा तापवून त्याचे तेल लावण्याची चाल मराठवाड्यात आणि सीमाभागात जुनी आहे. हे तेल कातडीला जाळते. तेच ‘बिब्बा उतणे’. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी हेच तेल वापरीत. महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व अंगावर नेमके त्या खुणांच्या जागी फोड उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी 1943 साली त्याचा छडा लावला. बिब्बा उतल्यावर खोबरे व तीळ लावावेत आणि खावेत असा परंपरेचा सल्ला आहे. खोबऱ्याच्या तेलाने भाजलेल्या कातडीला मऊपणा मिळतो खरा. पण चीक लागताच साबण-पाण्याने धुऊन काढणे हे त्याआधीचे काम, आणि तेच बहुधा राहून जाते. काजू आणि आंबा ही बिब्ब्याचीच भावंडे. ज्याला एकदा बिब्बा उतला त्याने कैरीच्या चिकापासूनही जपावे.

गजकर्ण हा सर्वांत चिवट पाहुणा. मराठीत त्याला नायटाही म्हणतात, कानडीत हुळुकड्डी, उर्दूत दाद. गोल चट्टा, उंचावलेली कोंडा टाकणारी कड आणि मधला भाग काहीसा निवळलेला, ही त्याची ओळख. जागा बहुधा जांघेची किंवा परकराच्या नाडीखालची, जिथे घाम साचतो. ही बुरशी आहे. पावसाळ्यात बांधोबांधी उगवणाऱ्या टाकळ्याचा पाला वा बी वाटून यावर लावतात, आणि त्यामागे आधार आहे. संस्कृतात टाकळ्याला दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे नावच दिलेले आहे, आणि त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल जातीची द्रव्ये सापडतात. याच जातीच्या द्रव्यांची एक जुनी हकिकत गोव्याशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी गजकर्णावर खपत असे. ती गोव्याची नव्हतीच; ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातून निघालेली ती भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यास येई. लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांनी 1876 च्या सुमारास ती सोरायसिसवर वापरून पाहिली आणि तिचा गुण आला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल बंद झाला, तेव्हा जर्मनीत 1916 साली तिच्याऐवजी डिथ्रॅनॉल हे कृत्रिम द्रव्य पुढे आले आणि सोरायसिसवर ते दीर्घकाळ वापरात राहिले. घरगुती औषध शास्त्राच्या दारी असे जाते. मात्र ती भुकटी कातडी भाजतही असे, डोळ्यांत गेली तर डोळे येत; आणि टाकळ्याचा दाट लेपही नाजूक जागी तशीच आग करू शकतो. लसणाचा लेप तर कोवळ्या कातडीला सरळ भाजून काढतो.

आजच्या घरगुती औषधांत मात्र टाकळा मागे पडला आहे आणि त्याची जागा दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या मलमाच्या नळीने घेतली आहे. या नळीत पुष्कळदा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टिरॉइड यांची खिचडी असते. स्टिरॉइडने दाह दबतो, दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. परंतु त्याच दाहातून शरीर बुरशीशी झगडत असते. पहारेकऱ्याला झोपवल्यावर चोराला रान मोकळे. चट्टा पसरतो, त्याची गोल कड पुसली जाते आणि मग अनुभवी डॉक्टरलाही तो ओळखणे कठीण जाते. नळी थांबवली की खाज दुपटीने उसळते, म्हणून दुसरी नळी येते, आणि तीच घरातल्या चौघांत फिरते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर जे हट्टी, औषधाला दाद न देणारे गजकर्ण पसरले आहे, त्याच्या फैलावात या मलमांचा वाटा असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यातील बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव देण्यात आले. त्या नावातच भारताचा उल्लेख आहे. केंद्र सरकारने 2018 साली अशा 14 स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली. नियम झाला, दुकानांच्या फळ्यांवर तो किती पोचला, हे ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे. गजकर्णाचे औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगेल तितके दिवस चालवावे लागते, आणि टॉवेल व अंतर्वस्त्रे प्रत्येकाची वेगळी ठेवून उन्हात वाळवावी लागतात.

रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत सुरू होणारी आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम धरणारी खाज दिसली तर ती खरूज समजावी. हिच्यावर लिंब व हळद यांचा लेप लावून बहुतेकांना गुण आल्याचा 814 रोग्यांचा एक प्रयोग 1992 साली प्रसिद्ध झाला होता. तो उत्साहवर्धक आहे. परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दवाखान्यातले परमेथ्रिनचे मलम घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावले आणि आठवड्याने पुन्हा लावले, तर किडा मरतो. ज्याला खाजते त्यानेच लावले तर पंधरा दिवसांत खरूज घरात परत येते.

नागिणीविषयी अधिक गंभीरपणे सांगणे भाग आहे. कमरेच्या वा छातीच्या एका बाजूला फोडांची ओळ उठते. तिचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत खेडोपाडी आहे, आणि ती जुळू नये म्हणून मांत्रिकाकडून शेंदूर वा काव फिरवून घेतात. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि वर्षांनंतर त्याच तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो, म्हणून फोडही तेथेच थांबतात. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ते सुकतात आणि श्रेय शेंदराला मिळते. खरी हानी होते ती गमावलेल्या दिवसांची: विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर अधिक उपयोगी पडतात, आणि नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळा धोक्यात असतो. पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने ठणकणाऱ्या वृद्धांची संख्या थोडी नाही.

शेवटी, जो खाजतच नाही त्या चट्ट्याविषयी. फिकट किंवा तांबूस डाग, ज्यावर टाचणीचा वा गरम-गाराचा स्पर्श कळत नाही, त्याला कोणताही लेप लावू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. डागांच्या संख्येप्रमाणे सहा किंवा बारा महिने ती घ्यावी लागतात, आणि वेळेवर सुरू केल्यास हाताची बोटे वाचतात.