तिची तुलना तिच्याशीच: पहिल्या बाळाचे पहिले वर्ष

रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात लहान लहान घोळके जमतात. एखादी तरुण माता आपल्या आठ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन उभी असते. कुणी आत्या, कुणी मावशी कौतुकाने बाळाचा गाल कुरवाळते आणि सहज विचारते, "अजून रांगत नाही का गं ही? आमची तर सहाव्या महिन्यातच घरभर फिरायची." बोलणारीच्या मनात वाईट काही नसते. पण ती माता घरी जाते ती मनात काटा घेऊन. पहिलेच बाळ, अनुभव नाही. आपल्या हातून काही चुकले का, ह्या विचाराने तिला रात्रभर झोप लागत नाही.

बाळाकडे लक्ष ठेवणे हे आईवडिलांचे कर्तव्यच आहे. प्रश्न इतकाच की, लक्ष कशावर ठेवावे? शेजारच्या बाळाशी आपल्या बाळाची तुलना केल्याने फारसे काही कळत नाही. याउलट आपले बाळ काल कसे होते आणि आज कसे आहे, हे पाहणाऱ्या आईला पुष्कळ काही कळते आणि काही वेळा त्या पाहण्यावर बाळाचा जीवही अवलंबून असतो. गर्भारपणापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत हे 'पाहणे' कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू या.

वाट पाहण्याचे दिवस

प्रसूतीची तारीख शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून काढली जाते. तो केवळ अंदाज होय. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे फार थोडी असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांचे मानले जाते. म्हणून दिलेली तारीख उलटली की घाबरून जाऊ नये. मात्र त्यानंतर डॉक्टरांची भेट चुकवूही नये.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारणपणे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. काहींना त्याहून थोडी उशिरा. आरंभी ती इतकी नाजूक असते की पोटात वायू फिरतो आहे असेच वाटते. सातव्या महिन्यानंतर मात्र प्रत्येक बाळाची हालचालीची एक स्वतःची रीत तयार होते. कुणी आई जेवल्यावर फिरते, कुणी रात्री ती आडवी झाली की. ही रीत आईलाच ठाऊक असते. कोणतेही यंत्र चोवीस तास तिच्याइतके जवळ नसते. नेहमीपेक्षा हालचाल कमी झाली आहे असे वाटल्यास सकाळची वाट न पाहता त्याच वेळी इस्पितळात जावे. 'दिवस भरत आले की बाळ शांत होते' असे वडीलधारी मंडळी सांगतात, परंतु ते खरे नाही. जागा अपुरी पडल्याने हालचालीचा प्रकार बदलेल. हालचाल कमी होता कामा नये.

आपल्या देशात २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी केली जाते. रक्तदाब, रक्तातील लोह, लघवीतील साखर व प्रथिने ह्या साध्या तपासण्यांनी मोठी संकटे वेळीच ओळखता येतात. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या प्रसूतीनंतरही सहा महिने घ्यावयाच्या असतात, हे पुष्कळ जणी विसरतात.

बाळ मुलगा आहे की मुलगी, हे जन्मापूर्वी विचारणे व सांगणे कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला व १९९४ मध्ये तो संपूर्ण देशासाठी झाला. जन्मल्यानंतरही हा प्रश्न संपत नाही. मुलगी आजारी पडली की 'उद्या पाहू' आणि मुलगा आजारी पडला की 'आत्ताच निघू', असे आपल्या घरात होत नाही ना, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.

गडचिरोलीचा धडा

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस सर्वांत नाजूक असतात. ह्या दिवसांत 'पाहण्याने' काय साधते, याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे हे त्यांचे काम. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ह्या ३९ गावांतील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

जंतुसंसर्ग ओळखण्याची त्यांची लक्षणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते किंवा रडत नाही. आधी नीट दूध ओढणारे बाळ आता ओढत नाही. आधी तरतरीत असलेले बाळ आता सुस्त झाले आहे. बाळाचे अंग गार लागते असे आईला वाटते. ह्यांतील प्रत्येक गोष्ट 'आधी' आणि 'आता' यांच्यातील फरकावर उभी आहे आणि तो फरक सर्वप्रथम आईच्या नजरेस पडतो. तिच्या सांगण्याला 'तुझे काहीतरीच' म्हणून उडवून लावू नये.

ह्याच अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाला घरी भेट देऊ लागल्या. इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठी ह्या भेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी असतात. याशिवाय काही लक्षणे सर्वांनीच लक्षात ठेवावीत: मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ताप, झटके, तळहात व तळपाय पिवळे दिसणे, बेंबीतून पू येणे. ह्यांपैकी एकही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये; बाळाला तत्काळ इस्पितळात न्यावे.

जन्मल्यापासून पहिल्या तासातच बाळाला छातीशी धरावे. पहिले पिवळसर घट्ट दूध टाकून देण्याची चाल काही घरांत अजूनही आहे. त्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, गुटी, साखरेचे पाणी काहीही नको. मध तर एक वर्षापर्यंत चाटवूच नये, कारण त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाला पाठीवर झोपवावे. डोळ्यांत काजळ घालू नये, नाकाकानांत तेल सोडू नये.

धर्मसभेच्या नियमाप्रमाणे बाळाचा स्नानसंस्कार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे तो सोहळा नेमका ह्याच नाजूक काळात येतो. पाहुण्यांनी बाळाला आशीर्वाद जरूर द्यावा. परंतु गालाचे पापे घेणे टाळावे, हात धुऊनच बाळाला घ्यावे आणि सर्दी-खोकला असल्यास दुरूनच पाहावे. यात कुणाचाही अपमान नाही.

आलेखावरील रेघ

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंतची घट बहुधा स्वाभाविक असते आणि सुमारे दोन आठवड्यांत ती भरून निघते. त्यानंतर बाळ झपाट्याने वाढते. साधारणपणे पाचव्या महिन्यात वजन दुप्पट होते व पहिल्या वाढदिवशी जवळजवळ तिप्पट. जन्मतः सुमारे ५० सेंटीमीटर असलेली लांबी वर्षात ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची नवी प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यासाठी भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांतील सुमारे ८,५०० मुलांचा अभ्यास झाला होता. आईचे दूध, पुरेसा आहार आणि चांगली काळजी मिळाल्यास ह्या सर्व देशांतील बाळे जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसून आले. 'आमच्या घराण्यात मुली अशाच किडकिडीत' असे म्हणून वाढ खुंटल्याकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच योग्य नव्हे.

मात्र आलेख वाचता आला पाहिजे. एक वर्षाच्या मुलीचे मध्यावरील वजन ८.९ किलो दिले आहे. मध्य याचा अर्थ असा की, निरोगी मुलींपैकी निम्म्या त्याच्या खालीच असतात. म्हणून एखादी मुलगी ८ किलोची आहे एवढ्यावरून ती अशक्त ठरत नाही. पाहावयाची असते ती तिच्या रेघेची दिशा. खालच्या बाजूची, पण महिन्यामागून महिना वर चढत जाणारी रेघ समाधानाची आहे. वरची असूनही आडवी झालेली किंवा खाली वळलेली रेघ मात्र डॉक्टरांना दाखवावी. मुलींचा तक्ता मुलांच्या तक्त्याहून वेगळा असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे: मऊ वरण-भात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे, काटे नीट काढलेला मासा. पातळ पाण्याने पोट भरते, पण बाळ वाढत नाही. म्हणून अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे.

कधी बसेल, कधी चालेल?

आता चर्चच्या आवारातील त्या प्रश्नाकडे वळू. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात मुलांच्या हालचालींचीही नोंद झाली. निरोगी मुले आधाराविना बसू लागली ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान. हात व गुडघ्यांवर रांगू लागली ५.२ ते १३.५ महिन्यांत. स्वतंत्रपणे चालू लागली ८.२ ते १७.६ महिन्यांत. शिवाय ४ टक्क्यांहून किंचित अधिक मुले अशी रांगलीच नाहीत. तरीही ती यथावकाश चालू लागली. आठव्या महिन्यात न रांगणारी मुलगी अगदी निरोगी असू शकते, हे यावरून स्पष्ट होईल.

परंतु काही बाबतींत थांबून राहू नये. तीन महिने झाले तरी बाळ आपल्याकडे पाहून हसत नाही, आवाजाला दाद देत नाही, पाचव्या महिन्यातही मान सावरत नाही, नऊ महिने उलटूनही आधाराविना बसत नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि एकदा आलेली गोष्ट बाळ विसरू लागले, आधी बडबडणारे बाळ मुके झाले, तर वय कोणतेही असो, विलंब करू नये. येथेही 'आधी' आणि 'आता' यांचीच तुलना महत्त्वाची ठरते.

बाळही आपल्याला पाहत असते

नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते. दूध पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. आईचा आवाज तर त्याला आधीपासूनच परिचित असतो. जन्माला तीन दिवसही न झालेली बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८० मध्ये दाखवून दिले. दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर बाळ आपल्या हसण्याला हसून उत्तर देते. आठव्या-नवव्या महिन्यात ते परक्याला पाहून रडू लागते. हा हट्ट नव्हे. आपले कोण, हे त्याला आता कळू लागले आहे.

१९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक ह्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसूनखेळून बोलणाऱ्या आईला त्याने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळाने हसून, हात पुढे करून तिला पुन्हा बोलके करण्याचा प्रयत्न केला आणि ते साधेना तेव्हा तोंड फिरवले. दूध पाजताना एका हातात मोबाईल धरण्याची सवय लागली असल्यास हा प्रयोग आठवावा.

ह्याच कारणास्तव आईच्या मनाकडेही पाहणे आवश्यक आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत विनाकारण रडू येणे पुष्कळ जणींच्या बाबतीत घडते व ते आपोआप थांबते. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी ओसरत नसेल, बाळ झोपले असतानाही तिला झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. ती पूर्वी कशी होती आणि आता कशी आहे, हे पती, आई व सासू यांनी पाहावयाचे असते. 'आम्ही नाही का मुले वाढवली?' हे वाक्य अशा वेळी कोणीही उच्चारू नये.

लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशू वाढत गेला असे दोनदा सांगितले आहे आणि त्याची माता घडले ते सर्व मनात जपून ठेवीत असे, असेही म्हटले आहे. तो कितव्या महिन्यात रांगू लागला, हे मात्र एकाही शुभवर्तमानकाराने लिहून ठेवलेले नाही.

येत्या रविवारी आवारात कुणी तरुण माता बाळाला घेऊन भेटली, तर बाळ रांगते का, दात आले का, हे विचारण्याआधी तिला एवढेच विचारावे: "तू कशी आहेस गं? झोप मिळते का? आण, थोडा वेळ मी घेते हिला, तू निवांत बस."