एक फोटो, चौदा मिनिटे

मोबाईलवरून एक मेगाबाइटचा फोटो पाठवायला किती वेळ लागतो, हे आता आपण मोजतही नाही. जीएसएम सेवा १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झाली. तिच्यावरून सुरुवातीला माहिती जाई ती सेकंदाला ९,६०० बिट एवढ्या वेगाने. त्या हिशेबाने या फोटोला जवळजवळ चौदा मिनिटे लागली असती!

श्रोतेहो, त्यानंतर लहरी काही जास्त जोराने धावू लागल्या नाहीत. त्या तेव्हाही प्रकाशाच्याच वेगाने जात होत्या. बदलली ती हवेतल्या जागेची वाटणी.

जीएसएमने २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात वेळेचे आठ भाग पाडले. कॉल लागला की एक भाग त्याचा, मग बोलणारा गप्प का असेना. एस.टी.त रुमाल टाकून जागा अडवावी, तसे हे. २००० सालाच्या सुमारास आलेल्या जीपीआरएसने डेटापुरता हा रुमाल उचलला. माहितीची लहान पाकिटे करायची आणि ज्याचे पाकीट तयार, त्याला जागा द्यायची. माझ्या मते खरी क्रांती हीच. पुढच्या पिढ्यांचा गाजावाजा अधिक झाला, एवढेच. ४-जीत तर आपले बोलणेही पाकिटांतूनच जाते.

पुढची युक्ती 'एज'ची. लहरीच्या एका खुणेत एकाऐवजी तीन बिट भरायचे. ४-जीत ते सहा, आठपर्यंत गेले. पण खुणा जितक्या अधिक, तितक्या त्या एकमेकींसारख्या दिसू लागतात. दूरचे स्टेशन लावले की रेडिओ खरखरतो ना, तशा खरखरीत त्या ओळखू येत नाहीत. मग यंत्रणा आपणहून कमी बिटांवर उतरते.

पट्टाही रुंदावत गेला. ३-जीत ५ मेगाहर्ट्झ, ४-जीत २०, तर भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ५-जीत १०० पर्यंत. मात्र एवढी रुंद जागा वरच्या कंप्रतेलाच मोकळी सापडते, आणि त्या लहरी भिंतींना लवकर हार खातात. टॉवर जवळजवळ हवेत.

शहरात ते उभे राहतात. डोंगराआडच्या वाडीत मात्र फोनवर ४-जी दिसत असूनही मुलीचा ऑनलाइन तास अडखळतो. ती फोन घेऊन गच्चीवर जाते, तेव्हा खरखर कमी होते आणि एकेका खुणेत पुन्हा जास्त बिट मावू लागतात.