एका टायरच्या दोन चाकऱ्या

मोटारीचा जमिनीशीं संबंध येतो तो अवघ्या चार तळहातांएवढ्या रबरापुरता. वेग, वळण व थांबणें या तिहींचा भार तेवढ्यावरच असतो. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें १९९० मध्यें सुरू झालेला शर्यतीचा मार्ग आहे. तेथें आपली नेहमींची मोटार पळवून तींतूनच घरीं परतणाऱ्या हौशी चालकापुढें टायरची निवड हा पेंच उभा राहतो.

शर्यतीच्या कोरड्या मार्गावर मऊ रबर व कमी खांचा हितकर. मऊ रबर तापलें कीं जमीन घट्ट धरतें. आणि खांचा जितक्या कमी, तितकें अधिक रबर जमिनीला टेकतें. मात्र असें रबर लवकर झिजतें. अमेरिकेंत टायरवर टिकाऊपणाचा अंक छापलेला असतो. २०० अंकाचा टायर १०० अंकाच्या प्रमाण-टायरच्या दुप्पट टिकावा, असा त्याचा अर्थ.

खांचा कांहीं शोभेसाठीं नसतात. पावसांत त्या पाणी बाहेर सारतात. त्या उथळ झाल्या कीं टायर व डांबर यांमध्यें पाण्याचा थर शिरतो, मोटार तरंगूं लागते आणि ब्रेकही व्यर्थ ठरतो. भारतांतील नियमानें मोटारीच्या टायरची खांच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. पण ती अखेरची मर्यादा होय, सुरक्षिततेची हमी नव्हे.

शर्यतींत पकड कमी पडली तर दोन-चार सेकंद जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसांत परतीच्या वाटेवर ती सुटली तर प्राण जातो. म्हणून टायर निवडावा तो परतीच्या वाटेसाठीं. वेगाची हौस मोठी असेल, त्यानें चाकांचा दुसरा संच बाळगावा.