‘पानी’ लिहिणारे लेकरू

हुडकेश्वरच्या आमच्या वस्तीतली दुसरीतल्या एका लेकराची वही परवा हाती आली. ‘पानी’, ‘लोनी’, ‘दाना’. सगळ्यांवर लाल गोळे. खाली शेरा, ‘घरी लक्ष द्या’. घरी तर सगळेच ‘पानी’ म्हणतात! नागपूरकडे बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो. लेकराने ऐकले तेच लिहिले, म्हणून ते ‘ढ’ कसे?

लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा ठरवले, १९७२ मध्ये चार वाढवले. ते प्रमाणभाषेचे आहेत, आमच्या आयांच्या बोलीचे नाहीत. तरी ते आमच्या लेकरांना आलेच पाहिजेत. अर्जात, परीक्षेत तीच भाषा लागते. पण रागावून ‘ण’ येत नाही. ‘कोन’ आणि ‘कोण’ शेजारी लिहा, मोठ्याने म्हणवून घ्या, गिरवून घ्या. रोज पाच शब्द पुरे. विहारात संध्याकाळी पोरं जमतात, मोठ्या ताईनेच घ्यावे.

अक्षरे उलटी पडत असतील, काना-वेलांटी सतत गळत असेल, वाचनही अडत असेल, तर गोष्ट वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता नोंदली आहे. शाळेकडे तपासणीची मागणी लेखी करा.

वहीवाल्याला आम्ही विचारले. म्हणाला, “मले येते, पन मॅडम आयकतच नाही.”