उसनी चाल, आपला ठेका

वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या कंपूतला रॅपर घोस्टफेस किला आणि लॉस एंजेलिसचा संगीतकार एड्रियन यंग यांनी 2013 साली ‘ट्वेल्व्ह रीझन्स टू डाय’ हा अल्बम काढला. गोष्ट अस्सल बी-ग्रेड सिनेमाची आहे: 1960च्या दशकातली इटली, माफिया घराणं, दगाफटका. मारलेल्या नायकाला वितळलेल्या व्हिनाइलमध्ये टाकून त्याच्या बारा तबकड्या पाडतात, आणि तबकडी वाजली की त्याचं भूत सूड घ्यायला उठतं. यंगने जुन्या सोल संगीताचे तुकडे कापून जोडले नाहीत. त्याने वादक बसवले, फितीवर ध्वनिमुद्रण केलं आणि जुन्या इटालियन सिनेमाचा नाद नव्याने घडवला. रक्तपाताचा मला कंटाळा येतो, पण वाद्यमेळासाठी अल्बम पुन्हा ऐकावासा वाटतो.

एरवी हिप-हॉपची रीत याच्या उलट. 1973 साली ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या आणि त्यांतला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत नेला. तेव्हापासून दुसऱ्याची तबकडी हाच या मंडळींचा कच्चा माल. सोल संपलं, जॅझ संपलं, मग हात मुंबईच्या सिनेमापर्यंत पोचले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डॅन द ऑटोमेटरने कल्याणजी-आनंदजींच्या पार्श्वसंगीतावर नवे ताल चढवून ‘बॉम्बे द हार्ड वे’ केला. 2007 मध्ये मॅडलिबने हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ रचला. 2005 मध्ये ब्लॅक आइड पीजनी ‘अपराध’ (1972) आणि ‘डॉन’ (1978) या चित्रपटांतली आशाताईंची गाणी घेऊन ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ केलं आणि त्यावर ग्रॅमी मिळवलं. आशाताईंचा आवाज असा रॅपच्या दुकानात मानाने मांडला गेला.

लतादीदींच्या बाबतीत मात्र मामला कोर्टात गेला. ‘ज्योती’ (1981) मधलं त्यांचं गाणं ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 2002 सालच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये ऐकू येतं, आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव कुठेच नाही. नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा अमेरिकन न्यायालयाने आदेश दिला. पैशांचा वाद पुढे व्हायचा तो होवो. आधी नाव, हे मला फार योग्य वाटतं.

याचं कारण मी राहतो त्या भागात आहे. गणपतीपुळ्यात घरोघरी मूर्ती आणत नाहीत, देवळातला गणपती साऱ्या गावाचा. पण रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून गणपतीत जाखडी नाचतात आणि पुढे शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात. एक बाजू शक्तीची, दुसरी शिवाची. आधी गण, मग गवळण, आणि मग शाहीर समोरच्याला शास्त्रपुराणातले सवाल घालून, टोमणे मारून घाम फोडतो. बॅटल रॅप म्हणून पोरं मोबाइलवर जे बघतात ते याहून फार वेगळं नाही. गाण्यांच्या चाली कित्येकदा सरळ सिनेमातल्या असतात. पण त्यात लपवाछपवी नाही. चाल कुठली, ते पहिल्या ओळीला सगळ्या मंडपाला कळतं, आणि मजाही त्यातच असते. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी हे सामने वर्षानुवर्षं तिकीट काढून पाहिले. शेजारच्या मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांनी सुनीत युरोपातून आणलं, तेही उघडपणेच.

मराठी रॅप एव्हाना बाळसं धरून आहे. ‘गली बॉय’चा (2019) गवगवा सोडा. त्याच वर्षी स्वदेशी या मुंबईच्या कंपूने आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, ते मला अधिक मोलाचं वाटतं. अमरावतीचा सौरभ वऱ्हाडी वळणाने रॅप करतो. पण जुन्या मराठी सिनेमाच्या पेटाऱ्याला या मुलांनी अजून मनापासून हात घातलेला नाही. ‘सांगत्ये ऐका’ (1959) मध्ये वसंत पवारांचं संगीत आहे, आशाताईंची लावणी आहे. ‘पिंजरा’त (1972) राम कदम आहेत. त्या ढोलकीपुढे ब्राँक्सचा ड्रम फिका पडावा.

अडचण कायद्याची, पण अर्धीच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला 60 वर्षं संरक्षण असतं. 1959 च्या तबकडीचं ते 2019 अखेर संपलं. गीताचं संरक्षण कवीच्या निधनानंतर 60 वर्षं चालतं, आणि ‘सांगत्ये ऐका’ची गाणी लिहिणारे गदिमा 1977 मध्ये गेले. म्हणजे त्यांचे शब्द 2037 पर्यंत राखीव. चालीचा हिशेब वेगळा, तो संगीतकाराच्या निधनापासून. शब्द मोकळे होईतोवर नुसता ढोलकीचा तुकडा उचलावा, वर वसंत पवारांचं नाव ठळक छापावं आणि शब्द आपले लिहावेत. शक्ती-तुऱ्याचा शाहीर एरवी दुसरं काय करतो?